हात लावला नाही

आमच्या ह्यांचं नाव गोकुळदास. एकदाच घेते, पुढे नुसतं ‘हे’ म्हणेन. मी जानकी. डिचोली तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचा वाडा आहे. वाडा म्हणजे वस्ती, चिरेबंदी वगैरे काही नाही. घरात आम्ही बोलतो ते कोकणी आणि मालवणीच्या मधलं काहीतरी असतं. ते सरळ करून सांगते, मधेच पाय घसरला तर सांभाळून घ्या. पोलीस ठाण्याचं नाव मात्र सांगणार नाही, तेवढं विचारू नका.

सगळं सुरू झालं ते एका पंपापासून.

यशवंत भाटकार हे आमच्या वाड्यावरचे जमीनदार. ओढ्याला लागून त्यांचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आणि त्या बागेला पाणी देणारा एक मोठा पंप. माणूस वाईट नाही, पण हट्टी. मुलगा प्रथमेश त्यांच्याही वरताण. प्रथमेशने मोरजीच्या किनाऱ्यावर शॅक घातला तेव्हा बाप म्हणाला, "भाटकाराच्या पोराने परक्यांना मासे तळून वाढायचे?" झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पण एका घरात राहायचं तर काही ना काही सांगावं लागतंच, म्हणून दोघे कुत्र्याशी बोलतात. "टायगर, सांग त्याला, गेट लावून जा म्हणावं." "टायगर, सांग यांना, लावलं." कुत्रं बिचारं एकदा ह्याच्याकडे बघतं, एकदा त्याच्याकडे. त्या घरातली सगळी माहिती एकट्या त्यालाच आहे.

शिगम्याच्या सुमारास एका सकाळी भाटकार बागेत गेले, तर पंप जागेवर नाही. पाइप आहे, वायर आहे, पंप नाही. ते तडक पोलिसांत गेले. आदल्याच दिवशी आमच्या ह्यांनी त्या बागेतून नारळ भरून नेले होते. हे पूर्वी खाणीवर टिपर चालवायचे. खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर विकून पिकअप घेतली, आणि आता नारळ, सिमेंट, नाटकाचे पडदे, लग्नाची भांडी, मिळेल ते भाडं मारतात. भाटकारांच्या घरची जीप सोडली तर पंप नेण्याजोगी गाडी वाड्यावर आमचीच. पोलिसांना तेवढा पुरावा पुरला.

पोदेर नुकताच पाव देऊन गेला होता. हे उंडा, म्हणजे गोल पाव, मोडून पातळ भाजीत बुडवतात न बुडवतात तोच दारात जीप. फौजदार नवा होता, विशाल नावाचा, तरुण, भांग नीट पाडलेला, दर वाक्यात ‘प्लीज’ म्हणणारा. "पाच मिनिटांचं काम आहे, काकी," म्हणाला. मला वाटलं, शिकलासवरलेला माणूस आहे, काळजीचं कारण नाही. ह्यांनी अर्धा उंडा ताटात ठेवला आणि त्याच्याबरोबर गेले.

परत आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. जीपमधून उतरले तेव्हा चपला हातात होत्या, कारण पाय त्यांत मावत नव्हते. भट्टीतून आत्ताच काढलेल्या पावासारखे पाय फुगले होते.

"मारलं?" मी विचारलं.

"मारूक नाय," हे म्हणाले. "उभो केलो."

त्या दिवशी एवढंच. बाकीचं मी पुढे थोडं थोडं करून काढलं, कधी जेवताना, कधी गाडी धुताना. भिंतीकडे तोंड, हात वर, टेकायचं नाही. समोरची माणसं पाळीपाळीने बदलत होती, प्रश्न बदलत नव्हता. पंप कुठे आहे? गुडघा वाकला की मागे टेबलावर काठी आपटायची. टेबलावर हं, अंगावर नाही. डोळे मिटले की परत काठी. चहा दिला, खोटं कशाला बोलू. दोनदा दिला, उभ्याउभ्या. लघवीला मात्र सोडलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते ह्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. पँट मीच धुतली, म्हणून मला माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे म्हणाले, "मीच चोरला. बंद खाणीच्या पाण्यात टाकला." तेव्हा कुठे त्यांना खुर्ची मिळाली. पंप सापडला की रीतसर अटक करू, तोवर गाव सोडायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं.

"पण खाणीतच का सांगितलंत?" मी विचारलं.

"खोल आसा," हे म्हणाले. "कोण उतरून बघतलो?"

ह्यांना काय माहीत, फौजदार हौशी निघेल म्हणून. त्याने पाणबुडे आणले, होडी आणली, क्रेन आणली. आमच्याकडच्या बंद खाणी तुम्ही बघितल्या नसतील तर सांगते, डोंगराचा डोंगर उलटा करून जमिनीत घातल्यासारखा खड्डा, आणि त्यात वर्षानुवर्षांचं हिरवं पाणी. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात ना, इथे डोंगर आधीच पोखरून ठेवलेला होता, फक्त उंदीर काढायचा होता. सगळा वाडा काठावर जमला. बाजारातला रस-ऑम्लेटचा गाडा तिथे येऊन उभा राहिला आणि त्या दिवसांत त्याने जत्रेपेक्षा जास्त धंदा केला.

पहिल्यांदा वर आलं ते कपडे धुण्याचं मशीन. मग एक गोदरेजचं कपाट. मग एक स्कूटर. ती स्कूटर चोरीला गेली म्हणून ज्याने विम्याचे पैसे उचलले होते तो तिथेच ऑम्लेट खात उभा होता. नंबरप्लेट पाण्याबाहेर येताच त्याने अर्धी प्लेट गाड्यावर ठेवली आणि असा नाहीसा झाला की आठवडाभर बायकोलासुद्धा दिसला नाही.

आणि त्याच गर्दीत प्रथमेशची जीप येऊन थांबली. शॅकच्या धंद्यात इतके दिवस मोरजीलाच अडकला होता, आता घरी चालला होता, माणसं बघून उतरला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"तुझो पंप सोधतत," कोणीतरी म्हणालं.

"पंप?" प्रथमेशने जीपच्या मागची ताडपत्री उचलली. "पंप हा काय. वाइंडिंग जळलं होतं, म्हापशाला दुरुस्तीला दिला होता. मी घरी सांगून गेलो होतो."

"कोणाला?" भाटकारांनी विचारलं. कित्येक वर्षांनी बाप लेकाशी थेट बोलला.

प्रथमेश ताडपत्री परत घालायला लागला. त्याने कोणाला सांगितलं असेल ते सगळ्या वाड्याला एकदम कळलं, आणि खाणीच्या काठावर जे हसू फुटलं ते पाणबुड्यांना पाण्याखाली ऐकू गेलं असेल. मीही पोट धरून हसले. हे हसले नाहीत. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. म्हटलं, थकलेत.

मग फौजदार आमच्या घरी आला, काजूच्या मिठाईचा पुडा घेऊन. भाटकारही आले. त्यांनी हात जोडून ह्यांची माफी मागितली आणि ती कुत्र्याकडे बघून नाही, ह्यांच्याकडे बघून मागितली, हे मी मान्य करते. शेजारची वत्सला आणि आणखी चार बायाबापे ओट्यावर येऊन बसले होते. फौजदार खुर्चीत बसून म्हणाला, "गैरसमज झाला. होतं असं. पण एक गोष्ट मानायला पाहिजे, आमच्यापैकी कोणी हात लावला का?"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"नाय," हे म्हणाले.

"बघा. आणि हे तर धोंड आहेत. दरवर्षी आगीतून चालणारा माणूस. त्यांना एक दिवस उभं राहणं म्हणजे गंमतच."

इथे धोंड म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. शिरगावच्या लईराई देवीची वैशाखात जत्रा असते. व्रत धरून, सोवळ्याने राहून, पहाटे निखाऱ्यांच्या होमखणातून जो जातो तो धोंड. ह्यांचे वडील धोंड होते, हे लग्नाच्या आधीपासून आहेत. अंगाने, मनाने, तोंडाने शुद्ध राहायचं आणि आईचं नाव घेऊन आगीत पाय टाकायचा. तसं राहिलं की आग काही करत नाही, अशी आमची श्रद्धा. ह्यांच्या पायाला आजवर फोड आलेला मी पाहिलेला नाही.

गंमत म्हटल्यावर ओट्यावरचे सगळे हसले. माझं मात्र डोकं फिरलं.

"आगीत ते स्वतःच्या पायांनी जातात, साहेब," मी म्हटलं, "आणि पलीकडून बाहेर येतात. तिथे त्यांना कोणी काही विचारत नाही. तुमच्या भिंतीला पलीकडे होतं काय?"

"काकी, छळ वेगळा आणि चौकशी वेगळी. ती सखोल चौकशी होती."

"सखोल होती खरी. पाणबुडे लागले."

आता लोक दुसऱ्या बाजूने हसले. फौजदार उठला, प्लीज म्हणाला, निघून गेला. त्याची मिठाई टायगरला घालणार होते, पण काजू फुकट घालवायला मन होईना. वत्सलेच्या घरी पाठवून दिली.

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून मी आत आले, तर हे अंधारात बसलेले.

"मी यंदा शिरगावाक जावचंय नाय," म्हणाले.

मला वाटलं, पाय दुखत असतील. जत्रा अजून लांब होती, तोवर पाय बरे होतील, असं मी म्हटलं.

"पायांचं काही नाही," हे म्हणाले. "मारलं असतं, हाड मोडलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. मार खाऊन माणूस खोटं बोलला, असं मीही म्हटलं असतं. मला कोणी बोट लावलं नाही. चहासुद्धा दिला. तरी मी खोटं बोललो, नुसतं बसायला मिळावं म्हणून. असलं तोंड घेऊन आईच्या आगीत कसा जाऊ?"

ह्यांनी आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, आमचं तसं छान जमतं. पण हे शांतपणे सांगत होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तो जो प्रकार झाला तो छळ असेल तर माझा नवरा निर्दोष. छळ नसेल तर तो खोटारडा, आणि तोही स्वतःच्याच नजरेत. लोकांच्या नजरेतला कलंक मी भांडून धुतला असता. एका शब्दावर माणूस अडकला होता आणि तो शब्द फौजदाराच्या तोंडात होता. मी ठरवलं, तो काढून आणायचा.

सुरुवात वत्सलेपासून केली, कारण ती नळावर भेटते.

"उभं करणं हा काय छळ गे?" वत्सला म्हणाली. "शाळेत मास्तर आम्हाला अंगठे धरून उभे करीत."

"घंटा झाली की सोडीत ना?"

"सोडीत."

"आणि तू काय कबूल केलंस? पाढे येत नाहीत म्हणून?"

"हो."

"ते खरंच होतं की."

वत्सला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग पणजीला गेले. माझ्या बहिणीची मुलगी श्रद्धा तिथे वकिली करते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मधे फोन वाजला तरी उचलला नाही.

"मावशी, कबुली काढण्यासाठी माणसाला इजा करणं हा गुन्हाच आहे," ती म्हणाली. "पण इजा दाखवावी लागते. काका डॉक्टरकडे गेले होते?"

"मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवले मी."

"सूज उतरली?"

"उतरणारच. माझ्या हातचं पाणी."

"मग झालं," श्रद्धा म्हणाली. "खूण गेली. आता साक्षीदार पाहिजे, आणि त्या खोलीत होते ते सगळे पोलीस. केस घालते मी, मावशी, तू म्हणत असलीस तर घालते. पण निकाल लागेपर्यंत काकांच्या कितीतरी जत्रा जातील."

पुढच्या जत्रांचं मला काय करायचं होतं? मला ह्याच वर्षाचं पडलं होतं. एकदा सुटलेलं व्रत माणूस परत धरतोच असं नाही, आणि हे दिवसेंदिवस मुके होत चालले होते. भाडं आलं तर जात, नाही आलं तर पिकअपखाली शिरून न बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करत बसत. आमची भुरगी, म्हणजे पोरं, बापाला काही विचारायचं असलं तर माझ्याकडे येऊन विचारत. आमच्या घराचं भाटकारांचं घर व्हायला लागलं, आणि आमच्याकडे कुत्रंही नाही.

तेव्हा मी सरळ ठाण्यावर गेले. फौजदाराने खुर्ची पुढे केली.

"बसा काकी, प्लीज."

"उभीच बरी आहे. गंमत असते ना उभं राहण्यात."

तो जरा वरमला. मी म्हटलं, "हे बघा, मला तुमची नोकरी घालवायची नाही, लेखी काही नको, भरपाई नको. तुम्ही एकदा घरी या आणि ह्यांना तोंडाने सांगा की आम्ही तुमचा छळ केला. एवढंच. मग मी तुम्हाला सोलकढी पाजून पाठवते."

"काकी, मी कसं म्हणू?" तो म्हणाला, आणि खरं सांगते, तो अगदी मनापासून म्हणाला. "जे मी केलेलंच नाही, त्याची कबुली मी कशी देऊ?"

"आमच्या ह्यांनी दिली की," मी म्हटलं.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक शिपाई मान खाली घालून बसला होता, त्याने ती आणखी खाली घातली. तो शेजारच्या गावचा साईश. मी त्याला ओळखत होते, कारण तोही धोंड. जत्रेच्या दिवसांत आमच्या दारावरून वेताची काठी घेऊन गेलेला मी कितीदा पाहिलाय. मी निघाले तसा तो पाठोपाठ पायरीपर्यंत आला.

"तू होतास त्या दिवशी आत?" मी विचारलं.

"होतो, काकी."

"यंदा जाणार शिरगावला?"

तो पायरीकडे बघायला लागला.

"जा बाबा," मी म्हटलं. "तुला काय झालंय? तू नुसतं विचारत होतास. तुझं तोंड स्वच्छ."

हे मी मुद्दाम बोलले, टोचावं म्हणूनच बोलले, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

व्रत धरायचा दिवस आला. आमच्या वाड्यावरचे सगळे धोंड त्या सकाळी भिकाजीच्या विहिरीवर आंघोळ करून व्रताला बसतात. भिकाजी म्हणजे सर्वांत जुने धोंड, तोंडात दात नाही, पण व्रतात चूक झाली तर डोळ्यांनी चावतात. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. हे जागचे हलले नाहीत. अंगणात पिकअपचं चाक काढून बसले होते. चाकाला काही झालेलं नव्हतं.

तेवढ्यात मोटरसायकल आली. साईश. वर्दी नव्हती, साधी पँट आणि टी-शर्ट.

"गोकुळदासबाब, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "मी इथे आलोय ते साहेबांना माहीत नाही."

हे पाना फिरवत राहिले. मी दारात उभी राहिले. घालवून द्यावा असं मनात होतं, पण त्याचा चेहरा बघून गप्प राहिले.

"तुम्हाला आणायच्या आधी साहेबांनी विचारलं होतं, माणूस कसा आहे म्हणून," साईश म्हणाला. "मीच सांगितलं. म्हटलं, धोंड आहे, मारून काही बोलायचा नाही. तेव्हा साहेब म्हणाले, मग मारू नका, उभा ठेवा. उभा ठेवला की कोणीही बोलतो."

ह्यांच्या हातातला पाना थांबला.

"मारलं नाही ते दया आली म्हणून नव्हे," साईश म्हणाला. "मारून तुम्ही मोडला नसतात, म्हणून. माझी पाळी संपल्यावर मी घरी गेलो, पेज जेवलो, झोपलो. सकाळी आलो तर तुम्ही तिथंच. माझा आवाज ऐकून तुम्ही विचारलंत, साईश, उजाडलं काय रे? मी उत्तर दिलं नाही. मी काठी आपटली."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या, म्हणजे बघा.

"तरी खोटं मी बोललो," हे म्हणाले. चाकाकडे बघूनच म्हणाले.

"खोटं आम्ही बोललो. पंप तुम्ही चोरला, हे आम्ही तुम्हाला आणायच्या आधीच ठरवलं होतं. तुमचं फक्त तोंड वापरलं. छळ केला आम्ही, गोकुळदासबाब. साहेब म्हणणार नाहीत, ते शिकलेले आहेत, त्यांच्याकडे दुसरे शब्द आहेत. मी म्हणतो. मी तिथे होतो."

जो शब्द काढायला मी पणजीपर्यंत पायपीट केली, तो माझ्या अंगणात आपणहून चालत आला होता. त्या पोराला जवळ घ्यावं की चुलीतलं लाकूड घेऊन बडवावं ते मला कळेना. दोन्ही करावंसं वाटत होतं, खरं सांगते. सकाळ झाली का, एवढंच विचारणाऱ्या माणसाला ह्याने काठी आपटून उत्तर दिलं होतं. आणि तेच सांगायला हा साहेबाला चोरून आला होता.

ह्यांनी पाना खाली ठेवला. मग फडक्याला हात पुसले, एकेक बोट पुसलं.

"तू यंदा?" त्यांनी विचारलं.

"मी नाही," साईश म्हणाला. "मी बंदोबस्ताला नाव दिलंय. ते खोटं माझ्याकडे आहे. ते घेऊन आगीत कुठे जाऊ?"

हे उठले, आत गेले, धोतर घेतलं आणि भिकाजीच्या विहिरीकडे चालू लागले. चाक तसंच अंगणात पडलेलं. मी पाठोपाठ गेले, वाटेत विचार बदलतात की काय म्हणून. भिकाजींनी ह्यांच्याकडे बघितलं, "उशीर केलंस," एवढं म्हणाले आणि कळशी पुढे केली. मी घरी आले तेव्हा साईश गेला होता. त्याला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं.

पुढचे दिवस ह्यांचं व्रत आणि माझी धावपळ, त्यात कसे गेले कळलं नाही. हे बोलायला लागले होते. मला पिकअपच्या हप्त्यावरून चिडून बोलले तेव्हा मला इतका आनंद झाला की उलट उत्तर द्यायचंच विसरले. वत्सला म्हणाली, "तू आजारी आहेस काय गे?"

शिरगावला आम्ही बायका दोरीच्या बाहेर उभ्या होतो. उजाडायला आलं होतं. ढोल वाजत होते, मोगऱ्याचा आणि धुराचा वास एकात एक मिसळला होता, आणि धोंड एकेक करून होमखणातून येत होते. मी देवीला म्हटलं, आई, ह्यांच्या पायाला आज फोड आला तर हे परत स्वतःलाच खोटं ठरवतील. तेवढं सांभाळ, बाकी मी बघते. मग ‘आई’ असा ह्यांचा आवाज मला ऐकू आला, आणि हे आगीतून बाहेर आले. घामाने निथळत, मोगऱ्याची माळ कोमेजलेली. मी आधी पाय बघितले. फक्त राख लागली होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मला वाटलं, हे माझ्याकडे येतील. आले नाहीत. दोरीपाशी साईश वर्दीत उभा होता. आदल्या संध्याकाळपासून तिथे होता, मी येताना बघितलं होतं. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होता, परत पहिल्यावर टाकत होता, आणि आगीकडे एकदाही बघत नव्हता. हे त्याच्यासमोर जाऊन थांबले. साईशने मान खाली घातली. ह्यांनी त्याच्या बुटांकडे बघितलं. मग मागे खाज्याच्या दुकानापाशी एक प्लास्टिकची खुर्ची पडली होती, ती उचलून आणली, त्याच्यामागे ठेवली.

"बस रे आता," म्हणाले.

"ड्यूटी आहे," साईश म्हणाला.

"बस म्हणतंय ना."

साईश बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि इतक्या लोकांत, वर्दीत, लहान पोरासारखा रडायला लागला. हे त्याच्याजवळ उभे राहिले, त्याचं रडून होईपर्यंत.